भावाची बॅट, ताईचे बूट

१६ नोव्हेंबर २०१३ हा शनिवार होता आणि मी बँकेतून रजा काढून इस्लामपूरला ताईकडे गेलो होतो. तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. सकाळपासून ताई अंगणातल्या वृंदावनाभोवती उसाचा मांडव उभा करण्याच्या खटपटीत होती. चार ऊस वरच्या टोकाला एकत्र आणायचे म्हणजे एकाने धरायचे आणि दुसऱ्याने सुतळी गुंडाळायची. धरायचे काम माझ्याकडे होते, पण मी दर पाच मिनिटांनी ते सोडून आत टीव्हीकडे पळत होतो. वानखेडेवर वेस्ट इंडीजचा दुसरा डाव कोसळत चालला होता आणि सचिन तेंडुलकरची दोनशेवी आणि अखेरची कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपणार हे स्पष्ट दिसत होते. शेवटी ताईच म्हणाली, "ऊस काही पळून जात नाहीत. चल, एकदाचं बघून घेऊ." हाताला चिकटलेली पाल्याची कुसळे झटकत ती आत आली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

सामना संपल्यावर सचिन बोलायला उभा राहिला. कुणाचे नाव राहून जाऊ नये म्हणून त्याने यादी लिहून आणली होती. वडिलांचे नाव आले, आईचे आले. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाचा सामना मैदानात बसून पाहणारी ती माउली चाकांच्या खुर्चीत होती. काका-काकूंचे नाव आले, मोठ्या भावाचे आले. मग बहीण सविता आली, जिने त्याला पहिली बॅट दिली आणि जी तो खेळत असताना अजूनही उपास धरत होती. त्यानंतर दुसऱ्या मोठ्या भावाचे, अजितचे नाव आले आणि क्षणभर त्याला काय बोलावे ते सुचेना. मग त्याने सांगितले की हे स्वप्न आम्ही दोघे मिळून जगलो, आणि लगेच पुढे सांगितले की माझ्या क्रिकेटसाठी त्याने स्वतःच्या कारकिर्दीचा त्याग केला. अकराव्या वर्षी त्यानेच मला क्रिकेट शिकवणाऱ्या आचरेकर सरांकडे नेले. आणि तुमचा विश्वास बसणार नाही, पण काल रात्रीसुद्धा त्याने फोन करून मी कसा बाद झालो यावर चर्चा केली.

ताई एवढेच म्हणाली, "बरं बोलला." आणि उठून पुन्हा उसाकडे गेली.

मी मात्र जागचा हललो नाही. सचिन माझ्याच वयाचा. माझ्या पिढीतल्या पुष्कळ मुलांना आपण सचिन झालो नाही याची एक गोड रुखरुख असते, तशी मला कधीच नव्हती, कारण मी क्रिकेट खेळतच नव्हतो; मी आठशे मीटर पळायचो. मला त्या दिवशी जे टोचले ते निराळे होते. अजित तेंडुलकर या माणसाविषयी जे सांगितले जात होते त्यातले बरेचसे माझ्या घरात, अंगणात ऊस बांधत असलेल्या बाईच्या बाबतीत घडलेले होते, आणि ते मी कधी कुणापुढे, यादी सोडा, तोंडीसुद्धा बोललो नव्हतो.

अजितविषयी जे सर्वज्ञात आहे ते एवढे. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात, कवी आणि मराठीचे प्राध्यापक असलेल्या रमेश तेंडुलकरांच्या घरात चार भावंडे होती, आणि अजित धाकट्या सचिनपेक्षा सुमारे दहा वर्षांनी मोठा होता. तो स्वतः क्रिकेट खेळणारा होता, मुंबईच्या क्लब क्रिकेटमधला, भर पावसाळ्यात ओल्या मैदानांवर चालणाऱ्या कांगा लीगच्या मुशीतला. कॉलनीच्या आवारात लहान मुले चेंडू बडवत असतात त्याकडे मोठी माणसे खिडकीची काच सांभाळण्यापुरतेच लक्ष देतात. अजितने मात्र धाकट्याची बॅट चेंडूवर कशी येते ते पाहिले आणि या पोराला नीट शिकवणारा कुणी तरी हवा हे ठरवले. साल १९८४. सचिन अकराचा होता, म्हणजे अजित विशीतून नुकता पुढे सरकलेला. मला या वयाशी थांबावेसे वाटते. क्लबमध्ये खेळणाऱ्या मुलाचे पुढे काही होणार की नाही हे ज्या दोनतीन वर्षांत ठरते, नेमकी तीच वर्षे त्याने अकरा वर्षांच्या पोराच्या क्रिकेटमागे घातली.

शिवाजी पार्कवरचा तो पहिला दिवस महाराष्ट्रात आता जवळजवळ आख्यानासारखा सांगितला जातो. रमाकांत आचरेकर समोर उभे राहिल्यावर पोराचे हातपाय गळाले, काही धड खेळताच येईना, आणि सरांचे मत पडले की हा अजून लहान आहे, नंतर आणा. तेव्हा अजितने सरांना विनंती केली की आणखी एकदा संधी द्या, फक्त तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले, पोरगा मोकळा झाला, आणि त्याला शिबिरात प्रवेश मिळाला. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती आचरेकरांच्या पारखी नजरेची म्हणून सांगतात. माझ्या मते ती अजितची गोष्ट आहे. आपला भाऊ चांगला खेळतो हे कुणालाही वाटू शकते. पण तो कुणाच्या नजरेखाली बिघडतो आणि नजर हटली की कसा सुधारतो, हे ओळखायला त्याला महिनोन्महिने, त्याच्या नकळत, पाहिलेले असावे लागते. समोर दबदबा असलेला प्रशिक्षक नकार देत असताना मान डोलावून घरी परतणे सोपे होते. बाविशीच्या आतबाहेरचा एक मुलगा तिथे उभा राहून, आदर राखून, पण हटून बसला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. वांद्र्याची शाळा सुटली, दादरचे शारदाश्रम विद्यामंदिर आले, रोजची धावपळ वाचावी म्हणून मुक्काम शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे हलला. ज्या घरात शिक्षण हीच मिळकत, त्या घरात ऐन शाळेच्या वयात क्रिकेटसाठी शाळा बदलायची हा निर्णय किती बोलण्यांनंतर झाला असेल याची मला कल्पना करता येते. अशा बोलण्यांत मुलाची बाजू मांडणारे कुणी तरी लागते, कारण अकरा वर्षांच्या मुलाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

आमच्या घरात माझी बाजू ताईने मांडली होती.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, तालुक्याचे. वडील कारखान्यात कारकून होते, आणि घरात दोन मुली, एक मुलगा आणि आजी होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेत ती खो-खो खेळायची आणि दोनशे मीटर पळायची. जिल्ह्यापर्यंत गेली होती, आणि त्या निमित्ताने शाळेने तिला पांढरे कॅनव्हासचे बूट दिले होते. दहावीनंतर ती ज्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली तिथे मुलींचा संघच नव्हता, त्यामुळे तिचे पळणे तिथेच थांबले. ते थांबले याची घरात कुणी नोंदही घेतली नाही. मला वाटते, मुलगी मोठी झाली की पळायची थांबते असेच सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि त्या सगळ्यांत मीही होतो, जरी मी बारा वर्षांचा होतो.

१९८५ च्या पावसाळ्यानंतर तिने मला ते बूट घातले. शब्दशः घातले, मला पायरीवर बसवून, पुढच्या टोकात कापूस कोंबून, नाड्या आवळून. बूट मला दोन बोटे मोठे होते. खडू ओला करून ते पांढरे करायचे कामही आधी तीच करायची, मग मला शिकवले. सातवीतल्या शाळेच्या स्पर्धेत मी कसा पळालो हे तिने पाहिले होते आणि घरी येऊन वडिलांना सांगितले होते की हा शेवटच्या शंभर मीटरला दमत नाही, बाकीची पोरे दमतात. वडिलांनी विचारले, म्हणजे काय? ती म्हणाली, म्हणजे याला लांबचं पळवायला पाहिजे.

त्यानंतरची चार वर्षे पहाटे पावणेपाचला ती मला उठवत असे. कॅनॉलच्या कडेला मुरमाचा रस्ता होता, त्यावरून मी पळायचो आणि ती वडिलांची सायकल घेऊन मागे यायची, एका हातात बॅटरी, मनगटावर वडिलांचे घड्याळ, काटा बाराच्या खुणेवर आला की "हं!" अशी एकच हाक. गाळपाचा हंगाम असला की उसाच्या बैलगाड्या अंधारातच कारखान्याकडे निघालेल्या असत, आणि गाडीवान झोपेतून उठून या पोरापोरीच्या वरातीकडे पाहत. थंडीत तिची बोटे हँडलवर आखडत. मी थकलो की माझा उजवा हात छातीवरून आडवा फिरू लागतो, हे तिने तिथे, मागून, बॅटरीच्या उजेडात शोधून काढले. "उजवा हात आत येतोय," असे ती ओरडायची. शाळेच्या पी.टी.च्या सरांनी ते सांगितले नव्हते. त्यांच्याकडे दोनशे मुले होती.

दुधाचा रतीब अर्ध्या लिटरने वाढला आणि ते वाढीव दूध माझे झाले. रात्री भिजत घातलेले हरभरे माझे. आठवड्यातून दोनदा अंडे, आजीच्या नकळत, तेही माझेच. यात कुणी कुणावर अन्याय करत होते अशी कुणाचीही भावना नव्हती. घरात एकालाच पुरेल एवढे होते आणि ते कुणाला द्यायचे हे ठरलेले होते. ताई कोरा चहा प्यायची आणि मला तोच आवडतो असे सांगायची. दुधाचा चहा तिला किती आवडतो हे मला तिच्या लग्नानंतर, तिच्या घरी, तिने स्वतःसाठी केलेला कपभर चहा पाहून कळले.

खरा हिशेब दुधाचा नाहीच. १९८७ मध्ये ती बारावी झाली आणि तिचा कोल्हापूरला डी.एड.ला नंबर लागला. त्या काळी गावाकडच्या मुलीला डी.एड. म्हणजे दोन वर्षांत शाळेत नोकरी आणि जन्माची भाकरी. ती गेली नाही. वडील म्हणाले, यंदा खर्च झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू; आणि ती म्हणाली, हो, शिवाय मी गेले तर हा पहाटे उठायचा नाही. दोन्ही वाक्ये मी माजघरातून ऐकली. पुढच्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली, त्याच्या पुढच्या वर्षी स्थळ आले. तिच्या न जाण्यात पैशाचा भाग किती होता, मुलगी असण्याचा किती होता आणि माझा किती होता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. या अनिश्चिततेचा फायदा मी बरीच वर्षे घेतला आहे, हे मात्र नक्की सांगता येते.

मी राज्य शालेय स्पर्धेत आठशे मीटरला तिसरा आलो, एवढेच माझे यश. पुढे दोन वर्षे पळालो, गुडघा दुखावला, आणि संपले. पण ते प्रमाणपत्र घेऊन मी बँकेच्या मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी दुसरे काही विचारलेच नाही. पळण्याबद्दलच बोलत राहिले, आणि महिन्याभरात मी कारकून म्हणून रुजू झालो. तिची डी.एड.ची जागा गेली आणि मला बँकेतली जागा मिळाली. हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हटले आहे, लिहितो आहे ते आज पहिल्यांदा.

त्यामुळे सचिनच्या भाषणातली ती दोन वाक्ये ऐकून मी अडखळलो. स्वप्न आम्ही दोघे मिळून जगलो. त्याने आपल्या कारकिर्दीचा त्याग केला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून, नंतरच्या लेखांतून दुसरे वाक्यच उचलले गेले, कारण त्याग या शब्दाला आपल्याकडे पूर्वापार मखर तयार असते. भाऊ म्हटला की लक्ष्मण आठवतो आणि मग पुढचे काही पाहायची गरज उरत नाही. पण मला वाटते, पहिले वाक्य जास्त खरे आणि जास्त अवघड होते. आदल्या दिवशी सचिन ७४ धावांवर देवनारायणच्या चेंडूवर स्लिपमध्ये सॅमीकडे झेल देऊन बाद झाला होता. भारताची आघाडी एवढी होती की दुसऱ्यांदा फलंदाजी येण्याची शक्यता नावापुरतीच होती. त्या रात्री, चोवीस वर्षांच्या कसोटी कारकिर्दीच्या अखेरच्या रात्री, अजितने फोन केला तो अभिनंदनासाठी किंवा हळवे काही बोलण्यासाठी नाही, तर तो चेंडू कसा खेळायला हवा होता हे बोलण्यासाठी. ज्याने खेळ सोडून दिला आहे असा माणूस हे करणार नाही. जो अजून खेळतो आहे, तोच करेल.

असे फोन तीस वर्षे चालू होते आणि त्यांत सगळे गोडीगुलाबीचे नव्हते. तंत्रावरून आमचे वाद व्हायचे, पटायचे नाही, हेही सचिनने त्याच भाषणात सांगितले. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीच्या आधी त्याच्या पाच डावांत धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. तंत्रात काही दोष नाही, संयम सुटतो आहे, असे अजितचे निदान होते, आणि या कसोटीत कुणाला बाद करू द्यायचे नाही असे आव्हान त्याने भावापुढे ठेवले. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिनने ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्य करून ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात नाबाद ६०. दोन्ही डावांत नाबाद. त्या खेळीतले मनोनिग्रहाचे कौतुक क्रिकेटचे जाणकार अजून करतात. मला त्यात हजारो मैलांवरून केलेला एक फोन ऐकू येतो. पुढे २००७ च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत गच्छंती झाल्यावर सचिनच्या मनात खेळ सोडण्याचे विचार येत होते, तेव्हा अजितने त्याला २०११ ची अंतिम लढत मुंबईत होणार आहे याची आठवण दिली, तो चषक हातात धरून तू वानखेडेवर फिरतो आहेस असे डोळ्यांपुढे आण म्हणून सांगितले. २ एप्रिल २०११ ला काय झाले ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट सचिनने निवृत्तीनंतर, २०१८ मध्ये, वांद्र्याच्या एम.आय.जी. क्लबमध्ये सांगितली, आणि ती मला बाकी सगळ्यांहून मोलाची वाटते. फार पूर्वी तिथे सिंगल विकेटची स्पर्धा होती, एकास एक अशी. दोघे भाऊ वेगवेगळ्या गटांतून पुढे आले आणि उपांत्य फेरीत समोरासमोर ठाकले. आयुष्यात ते एकमेकांविरुद्ध खेळले ते तेवढे एकदाच. अजित गोलंदाजीला आला आणि मुद्दाम नो-बॉल, वाइड टाकू लागला. त्याला हरायचे होते. सचिनच्या ते लक्षात आले, आणि मोठ्या भावाला हरवायचे नाही म्हणून तो नुसता चेंडू अडवत बसला. हरण्याची अशी चढाओढ काही वेळ चालली. मग अजितने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले, नीट खेळ म्हणून खुणावले, आणि थोरल्याचे ऐकायचे असते म्हणून धाकटा खेळला. मी जिंकलो नाही, तो हरला, असे सचिन म्हणाला.

हा प्रसंग मी ताईला फोनवर वाचून दाखवला तेव्हा ती खळखळून हसली आणि म्हणाली, "म्हणजे त्या पोराला कळत होतं. तुला कधी कळलं?"

मी म्हटले, काय? तर म्हणाली की दिवाळीच्या सुट्टीत कॅनॉलवर आपण शर्यत लावायचो, दोनशे मीटरची, आठवतं का? आठवत होते. तेरा वर्षांचा असताना मी तिला पहिल्यांदा हरवले होते आणि ती गोष्ट गावभर सांगत फिरलो होतो. ती म्हणाली, "त्यानंतर वर्षभर मी तुला हरवू शकत होते." एवढे बोलून तिने विषय बदलला, भाच्याच्या परीक्षेचे काही तरी काढले.

सचिन बॅटच्या दांड्याला फार खाली धरायचा. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत बसणारी ती पकड नव्हे, आणि सुरुवातीला ती बदलण्याचे प्रयत्नही झाले, पण बदलली की त्याला खेळताच येईना. ती तशी का पडली याचे कारण त्याने सांगितले आहे: लहानपणी तो अजितची बॅट घेऊन खेळायचा, ती त्याच्या मानाने मोठी आणि जड होती, आणि ती उचलायची तर हात खालीच धरावे लागत. कसोटीत १५,९२१ धावा त्याच पकडीने झाल्या. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मी चाळिशीत एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो होतो तेव्हा तिने मला अनवाणी चालायला लावले आणि विचारले की तुम्ही पायाची बोटे आत का वळवता, लहानपणी सैल चपला वापरायचा का? मी म्हटले, चपला नाही, बूट. बूट पायातून निसटू नयेत म्हणून दोन वर्षे मी बोटांनी कापूस धरून पळत होतो. ती सवय गेली नाही.

एक कबुली द्यायला हवी. त्या शनिवारी संध्याकाळी, तुळशीचे लग्न लागल्यावर, अक्षता टाकून शेजारपाजारचे लोक निघून गेले आणि आम्ही दोघे पायरीवर चिंचा-बोरे खात बसलो होतो, तेव्हा मी धीर करून तिला म्हटले की ताई, तूही माझ्यासाठी पुष्कळ सोडलेस. मी हे वाक्य दिवसभर जुळवत होतो. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत राहिली. मग म्हणाली, "सोडलं काय त्यात? अरे, सोळा वर्षांच्या मुलीला पहाटे पाच वाजता कॅनॉलवर कोण जाऊ देणार होतं? तू होतास म्हणून जाता आलं. घरात सगळ्यांना वाटायचं मी तुझ्यासाठी जाते. चार वर्षं रोज सायकल हाणली मी, सहा-सहा मैल. ते दिवस माझेच होते."

हे ऐकून मला फार हलके वाटले, आणि लगेच त्या हलके वाटण्याची शंका आली. ज्याला मिळाले आहे त्याने देणाऱ्याच्या आनंदावर इतक्या तत्परतेने विश्वास ठेवावा का? ती खोटे बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर त्या सायकलीचा वारा होता. पण डी.एड.चा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. ती आता घरी शिकवण्या घेते, चौथीपर्यंतच्या. गल्लीतली मुले तिला बाई म्हणतात.

अजित तेंडुलकरांना कुणी हे विचारले तर ते काय सांगतील कोण जाणे. त्या एका वाक्यावाचून त्यांचे काही अडले असेल असे वाटत नाही. पण ते वाक्य म्हटले गेले, भरल्या वानखेडेवर, यादी हातात धरून, आणि त्याच यादीत बहिणीच्या बॅटलाही जागा होती. ती काश्मीरहून आणलेली काश्मिरी विलोची साधी बॅट होती, सचिन पाच वर्षांचा असतानाची. सविताताईंच्या वाट्याला त्या भाषणात मोजकी वाक्ये आली, पण प्रवास तिथून सुरू झाला असे त्याने म्हटले. बहिणींच्या खात्यात इतकेही लिहिले जात नाही हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो. माझ्या प्रमाणपत्राला वडिलांनी काच लावून घेतली होती. बक्षीस समारंभाचा फोटोही आहे, त्यात मी, वडील आणि पी.टी.चे सर आहेत. ताई त्या दिवशी आजीजवळ घरी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे तिनेच मला उठवले. इस्लामपुरात ती रोज तासभर चालायला जाते, गावाबाहेरच्या रस्त्याने. मी चाळिशीतला, पोट सुटलेला. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. उसाचे ट्रॅक्टर एकापाठोपाठ एक धुरळा उडवत चालले होते आणि त्यांच्या दिव्यांच्या उजेडात ती माझ्यापुढे पंधरावीस पावले, एका लयीत. वळणावरच्या पिंपळापाशी मला धाप लागली. ती थांबली, मनगटावरचे घड्याळ पाहिले, मी जवळ येईपर्यंत माझ्याकडे निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, "उजवा हात अजून आत येतोय तुझा."